परकीय गुंतवणूक, विजेचा वापर आणि विदर्भातलं प्रदूषण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वणी, घुग्घुस, भद्रावती, कोरपना, मौदा, तिरोडा या पट्ट्यातल्या गावांत हे प्रश्न नेहमी निघतात. ग्रामसभेत निघतात, कॉलेजच्या वर्गात निघतात, एसटीची वाट बघतानाही निघतात. "बाहेरच्या कंपन्या आल्या आणि हवा नासली" असं काहीजण म्हणतात. "बाहेरचा पैसा आला तरच पोरांना काम मिळेल" असं बाकीचे म्हणतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण दोघंही पैशाचा मालक कोण एवढंच बघतात. माझ्या मते आधी बघायला हवं ते इंधन, आणि मग त्या चिमणीवर नजर ठेवायला कोण आहे ते.

परकीय गुंतवणूक म्हणजे शेअर बाजारात येणारा परदेशी पैसाच ना?

तो वेगळा. शेअर बाजारातला पैसा आज आला, उद्या गेला. इथे आपण बोलतोय ती थेट परकीय गुंतवणूक. म्हणजे बाहेरच्या कंपनीने इथे कारखाना उभारायचा, किंवा चालू कंपनीत एवढा हिस्सा घ्यायचा की कारभारात तिचं म्हणणं चालावं. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीत दहा टक्के किंवा जास्त हिस्सा घेतला की तो पैसा थेट गुंतवणूक धरला जातो. १९९१ नंतर एकेक क्षेत्र खुलं होत गेलं. अणुऊर्जा सोडली तर वीजनिर्मितीत शंभर टक्के परकीय मालकी चालते, आणि २०१९ पासून विक्रीसाठी कोळसा काढायलाही चालते.

गुंतवणूक आली की प्रदूषण वाढतं की कमी होतं?

दोन्ही होऊ शकतं, आणि बऱ्याचदा एकाच कारखान्यात एकाच वेळी दोन्ही होतं. अर्थशास्त्रात याचे तीन धागे सांगतात. पहिला, कामाचा पसारा: कारखाने वाढले, ट्रक वाढले, वीज जास्त लागली की धूर वाढणारच. दुसरा, कामाचा प्रकार: पैसा सॉफ्टवेअरमध्ये गेला की स्पंज आयर्नमध्ये (कोळशावर बनणाऱ्या कच्च्या लोखंडात), यावर बरंच ठरतं. तिसरा, यंत्राचा दर्जा: नवी भट्टी जुन्या भट्टीपेक्षा तेवढ्याच मालाला कमी कोळसा खाते.

पहिला धागा प्रदूषण वाढवतो, तिसरा कमी करतो, दुसरा कुठेही झुकतो. चांगलं नवं यंत्र आलं आणि उत्पादन तिप्पट झालं, तर दर टनामागे धूर कमी होऊनही गावावरचा एकूण धूर वाढतो. कंपनीच्या सादरीकरणात दर टनाचा आकडा असतो. गावकऱ्यांनी एकूण आकडा मागावा.

श्रीमंत देश आपली घाण आपल्याकडे ढकलतात, हे खरं आहे का?

काही बाबतींत खरं आहे. जिथे कायदे कडक आणि दंड मोठा, तिथून घाण करणारा उद्योग जिथे कायदा सैल आणि दंड किरकोळ तिथे सरकतो, असा हा विचार. त्याला प्रदूषणाचं आश्रयस्थान म्हणतात. १९९० च्या दशकात मुक्त व्यापाराची चर्चा सुरू असताना तो जोरात पुढे आला.

आपल्या शेजारच्या भोपाळचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री जिथून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला, त्या कंपनीत अमेरिकन युनियन कार्बाइडचा हिस्सा ५०.९ टक्के होता. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. आणि कारखान्याच्या आवारात पडून असलेला विषारी कचरा पिथमपूरला नेऊन जाळायला २०२५ साल उजाडलं. पैसा निघून जातो, विष जागच्या जागी राहतं, याचा यापेक्षा मोठा पुरावा शोधायची गरज नाही.

आणखी जवळचं उदाहरण यवतमाळचं. २०१७ च्या पावसाळ्यात उंच वाढलेल्या पऱ्हाटीत फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. तेव्हा फवारल्या गेलेल्या औषधांत डायफेन्थियुरॉन हे एक होतं. त्याला युरोपीय संघात आणि स्वित्झर्लंडमध्ये परवानगी नाही. ते विकणाऱ्या स्विस कंपनीने जबाबदारी नाकारली आणि वाद स्वित्झर्लंडच्या न्यायालयापर्यंत गेला. त्यात एकापेक्षा जास्त औषधांची मिश्रणं होती, बिनमास्कची फवारणी होती, सल्ला देणारा कृषी अधिकारी बांधावर पोचत नव्हता, हेही तितकंच खरं. पण जे औषध आपल्या घरी चालत नाही ते दुसऱ्याच्या वावरात चालतं, ही सवलत कोणीतरी दिलेली असते. ती आपल्याच नियमांनी दिली, म्हणून बदलणंही आपल्याच हातात आहे.

मग परदेशी कंपनी म्हटली की धोका, असंच समजायचं का?

तसं समजू नका. उलट बाजूचा विचारही तेवढाच जुना आहे आणि त्यालाही पुरावे आहेत. मोठ्या परदेशी कंपनीला आपल्या देशातल्या भागधारकांना, बँकांना आणि ग्राहकांना हिशेब द्यावा लागतो. एकाच धर्तीची यंत्रं सगळीकडे वापरणं तिला सोयीचं पडतं. तिच्याकडून स्थानिक कारागीर आणि पुरवठादारही शिकतात.

मात्र ही चांगली बाजू आपोआप उगवत नाही. जिथे प्रदूषण मंडळ नमुने घेतं, वर्तमानपत्र छापतं, कोर्ट विचारतं, तिथे ती दिसते. जिथे विचारणारा नाही, तिथे परदेशी आणि देशी कंपनीच्या चिमणीत फरक राहत नाही.

विदर्भात परदेशी पैसा आहे तरी कुठे?

लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी, आणि वाटतो त्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी. महाराष्ट्र परकीय गुंतवणुकीत देशात आघाडीवर असतो, पण त्यातला मोठा भाग मुंबई, ठाणे, पुणे पट्ट्यात जातो. बऱ्याच कंपन्यांचं नोंदणीकृत कार्यालयही तिकडेच असतं.

तरी काही ठळक गोष्टी आहेत. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात विमानं बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीच्या भागीदारीत विमानाचे सुटे भाग बनतात. वर्ध्याजवळचा एक पोलाद कारखाना दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून परदेशी भांडवलाच्या गटाकडे गेला. सगळ्यात बोलकं उदाहरण चंद्रपूरच्या सिमेंटचं आहे. घुग्घुसचा एसीसीचा कारखाना आणि कोरपना तालुक्यातल्या उप्परवाहीचा अंबुजाचा कारखाना, या दोन्ही कंपन्यांची सूत्रं २००५-०६ पासून स्विस होल्सिमकडे होती. २०२२ मध्ये होल्सिमने आपला हिस्सा अदानी समूहाला विकला. कागदावर विदेशीचं देशी झालं. चुनखडीची खाण तीच, भट्टी तीच, कोळसा वेकोलिचा (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीचा) तोच, आणि रस्त्यावरची धूळही तीच. मालकाच्या पासपोर्टवरून प्रदूषण मोजता येत नाही, हे इथे डोळ्यांनी दिसतं.

या सिमेंटच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सिमेंटच्या कार्बनचा अर्ध्याहून जास्त भाग इंधनातून येतच नाही. चुनखडी तापवली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे भट्टीला उद्या सौरऊर्जा लावली तरी तो भाग सुटणारच. कमी करायचा तर सिमेंटमध्ये क्लिंकरचा (चुनखडी भाजून बनणाऱ्या गोळ्यांचा) वाटा कमी करून राखड (औष्णिक केंद्राची राख), स्लॅग (लोखंडाच्या भट्टीची मळी) असं काही मिसळावं लागतं. पोझोलाना सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत राखड चालते. औष्णिक केंद्रं आणि सिमेंट कारखाने शेजारी असलेल्या चंद्रपूरला हे जमायला सगळ्यात सोपं.

दावोसला करार झाले की ती परकीय गुंतवणूक झाली का?

नाही. जागा परदेशातली असली तरी सही करणारे बरेचसे आपलेच उद्योग असतात. जानेवारी २०२५ मध्ये गाजलेला गडचिरोलीच्या पोलादासह अनेक उद्योगांचा तीन लाख कोटींचा करार जेएसडब्ल्यू या भारतीय समूहाबरोबरचा होता. शिवाय सामंजस्य करार हा इरादा असतो. पैसा प्रत्यक्ष आला, जमीन घेतली, पर्यावरण मंजुरी मिळाली, चिमणी उभी राहिली, या पुढच्या पायऱ्या. गावाने हिशेब धरायचा तो मंजुरीच्या कागदापासून.

संशोधनात गुंतवणुकीपेक्षा ऊर्जेच्या वापराला जास्त दोष देतात. असं का?

कारण ऊर्जा प्रत्येक उद्योगाच्या पोटात आहे, परकीय गुंतवणूक थोड्यांच्या. भारतात थेट परकीय गुंतवणूक सकल उत्पादनाच्या एक-दोन टक्क्यांच्या आसपास असते. वीज मात्र प्रत्येकाला लागते, आणि देशातल्या विजेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कोळशातून येतो. म्हणून अनेक देशांचे अनेक वर्षांचे आकडे एकत्र मांडले की ऊर्जेचा वापर आणि उत्सर्जन यांचं नातं घट्ट दिसतं. परकीय गुंतवणुकीचं नातं कुठे वाढीचं, कुठे घटीचं, कुठे दिसतच नाही.

अशा अभ्यासांत एक मेख असते. त्यात "प्रदूषण" म्हणून बहुतेक वेळा दरडोई कार्बन डायऑक्साइड धरतात, कारण तो आकडा सगळ्या देशांचा तयार मिळतो. पण कार्बन डायऑक्साइडने कापूस काळा पडत नाही आणि पोरांना खोकला होत नाही. ते काम धुळीचं, गंधकाच्या वायूचं. हवामानासाठी कार्बन मोजायलाच हवा. पण तो कमी झाला म्हणजे घुग्घुसची हवा सुधारली, असा अर्थ काढू नका.

आमच्या मोटारपंपाला किती कोळसा लागतो?

ढोबळ हिशेब असा. पाच एचपीचा पंप आठ तास चालला की साधारण तीस युनिट वीज जाते. एका युनिटला आपल्याकडचा कोळसा सहाशे ते सातशे ग्रॅम लागतो. म्हणजे दिवसाला वीस किलोच्या आसपास कोळसा. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण तीस ते पंचेचाळीस टक्के असतं, म्हणजे सात-आठ किलो राख त्या केंद्रात मागे उरली. कार्बन डायऑक्साइड जवळपास तीस किलो. तारांमधली गळती यात धरलेली नाही.

हा हिशेब कास्तकाराला अपराधी ठरवायला केलेला नाही. शहरातला एखादा मॉल एका दिवसात किती पंपांची वीज खातो, हे आपल्याला दिसतच नाही, म्हणून पंपावरून सांगितलं.

वीज इथे तयार होते, मग फायदा तिकडे आणि राखड इकडे असं का?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा.

केंद्रं मोजून पाहा. चंद्रपूर २,९२० मेगावॅट. तिरोडा ३,३००. मौदा २,३२०. कोराडीचे ६६० चे तीन संच धरले तर १,९८०. खापरखेडा १,३४०. या पाचांचीच बेरीज बारा हजार मेगावॅटच्या जवळ जाते. अमरावतीजवळचं नांदगाव पेठ, अकोल्याचं पारस, वरोरा आणि बुटीबोरीची केंद्रं अजून बाहेरच आहेत. केंद्र इथे असण्याचं कारण साधं आहे: कोळसा इथे आहे. राख धरून कोळसा हलवण्यापेक्षा तारेतून वीज हलवणं स्वस्त पडतं.

ती वीज कशी जाते तेही बघण्यासारखं आहे. चंद्रपूरहून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची उच्चदाब डीसी वाहिनी १९९९ पासून चालू आहे. क्षमता १,५०० मेगावॅट. तिरोड्याहून ७६५ केव्हीची लाइन अकोल्यावरून संभाजीनगरकडे जाते. ज्यांच्या वावरात त्या टॉवरचे पाय रोवलेत त्यांना ती रोज दिसते. मौद्याची वीज तर इतर राज्यांतही जाते.

आता परकीय गुंतवणुकीशी याचा संबंध कसा ते पाहा. पुण्याजवळ चाकणला परदेशी कंपनीचा मोटारीचा कारखाना आला. तिथे चिमणी नाही, हिरवळ आहे, पुरस्कार आहेत. गुंतवणुकीची नोंद तिकडच्या खात्यात पडली, नोकऱ्या तिकडे, कर तिकडे. पण यंत्र फिरवणारी वीज ग्रिडमधून आली, आणि ग्रिडच्या टोकाला चंद्रपूरचा बॉयलर आहे. देशाच्या आकडेवारीत दोन्ही एकाच बेरजेत जातात, म्हणून ही गोष्ट तिथे सापडत नाही. प्रदूषणाचं आश्रयस्थान फक्त श्रीमंत आणि गरीब देशांत नसतं. एकाच राज्यातल्या दोन टोकांतही असतं, आणि आपण त्यातल्या एका टोकाला राहतो.

२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातले औद्योगिक पट्टे मोजले तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथं निघालं. गुण जितके जास्त तितकं प्रदूषण वाईट. अंकलेश्वर, वापी, गाझियाबाद आणि मग चंद्रपूर. त्यानंतर २०१० मध्ये अशा पट्ट्यांतल्या नव्या प्रकल्पांच्या मंजुऱ्या काही काळ रोखल्याही गेल्या. तोवर या पट्ट्यावर मोठा भार होता तो सरकारी वीज, सरकारी कोळसा आणि देशी कारखान्यांचा. परदेशी मालकीचा वाटा त्यात होता, पण लहान.

कापसावरची काळी धूळ कुठून येते?

बहुतेक ठिकाणी रस्त्यावरून. खुल्या खदानीतून निघालेले टिप्पर ताडपत्री न बांधता धावतात, चाकाखाली कोळशाचा भुगा दळला जातो आणि वाऱ्याने वावरात पडतो. वेचणीला आलेलं बोंड हातात घेतलं तर बोटाला काळं लागतं. पाकळी उघडली की आत पांढरं, कडेला राखाडी कड. व्यापारी मूठभर काढून तळहातावर पसरतो आणि भाव पाडतो. त्याला धूळ वेकोलिची की सिमेंटची याच्याशी देणंघेणं नसतं.

यावर उपाय मोठ्या गुंतवणुकीचा नाहीच. ताडपत्री, खदानीच्या फाटकावर चाकं धुण्याची सोय, दिवसातून ठरलेल्या वेळी पाणी मारणं, आणि जिथे जमेल तिथे ट्रकऐवजी रेल्वे किंवा बंद कन्व्हेयर. यांतल्या बऱ्याच गोष्टी मंजुरीच्या अटींत आधीच लिहिलेल्या असतात.

खनिजाच्या रॉयल्टीसोबत कंपन्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानला पैसे देतात. २०१५ पासून ही सोय आहे, आणि तो पैसा खाणबाधित गावांसाठीच आहे. तुमच्या गावाचं नाव बाधित गावांच्या यादीत आहे का, हे ग्रामपंचायतीने आधी तपासावं.

धुरातला गंधक अडवणारी यंत्रणा लावायची होती ना?

होती. डिसेंबर २०१५ मध्ये कोळसा केंद्रांसाठी गंधकाच्या वायूची मर्यादा ठरली आणि दोन वर्षांची मुदत मिळाली. मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. जुलै २०२५ मध्ये केंद्राने देशातल्या बहुतेक केंद्रांना या यंत्रणेच्या सक्तीतून मोकळं केलं. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना सक्ती राहिली, आणि अतिप्रदूषित पट्ट्याजवळच्या केंद्रांचा निर्णय एकेकाचा तपासून घ्यायचं ठरलं.

मला हा निर्णय पटत नाही. आपल्या कोळशात गंधक कमी आहे, हा युक्तिवाद टक्केवारीपुरता बरोबर आहे. पण कोळसा जाळायचा आकडाच एवढा आहे की एकूण वायू थोडा राहत नाही, आणि तोच पुढे हवेत बारीक कणांत बदलतो.

आधी श्रीमंत होऊ, मग स्वच्छता आपोआप येईल, असं म्हणतात. ते बरोबर का?

१९९१ मध्ये ग्रॉसमन आणि क्रूगर या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी मेक्सिकोबरोबरच्या मुक्त व्यापारावर अभ्यास केला. त्यात त्यांना दिसलं की गंधकाचा वायू उत्पन्नाबरोबर आधी वाढतो आणि एका पातळीनंतर उतरतो. उलट्या टोपलीसारखी ती रेषा पुढे खूप प्रसिद्ध झाली आणि तिचा अर्थ "थांबा, सगळं ठीक होईल" असा लावला गेला.

रेषा आपोआप खाली आलेली नाही. १९५२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये विषारी धुक्याने हजारो माणसं मेली आणि १९५६ मध्ये तिथे कायदा झाला. माणसं ओरडली, संसदेत बोललं गेलं, तेव्हा कोळसा शहराबाहेर गेला. शिवाय कार्बन डायऑक्साइडची रेषा तशी सहज वळत नाही. आणि काही देशांची हवा सुधारली तेव्हा त्यांचे घाण उद्योग दुसऱ्या देशात गेले होते, हाही त्या सुधारणेचा एक भाग होता. आपण कुठे पाठवणार?

आमच्या चुलीचाही यात वाटा आहे का?

आहे, आणि तो नाकारू नये. घरात लाकूड, तुराट्या, गोवऱ्या जाळल्या की बारीक कण चुलीपाशी बसलेल्या बाईच्या छातीत सगळ्यात आधी जातात. २०१६ नंतर उज्ज्वलातून सिलिंडर घरोघर आले, पण भरून आणायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते. वावरात पऱ्हाटी जाळणंही टाळता येतं. श्रेडरने बारीक करून जमिनीत मिसळली तर खत होतं.

सौरऊर्जा आली तर सुटका होईल का?

दिवसाच्या विजेपुरती बरीच. शेतीचे फीडर सौरवर नेण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० राज्यात २०२३ पासून चालू आहे. रात्री लाइन येते म्हणून अंधारात, सापाकिड्यात ओलिताला जाणाऱ्या माणसासाठी दिवसा वीज मिळणं हीच मोठी गोष्ट आहे. धूर कमी होणं हा वरचा फायदा. जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपयांचा दर ठरलेला आहे. पडीक जमिनीला हा चांगला सौदा. ओलिताची काळी जमीन मात्र त्यात घालू नये.

सौर क्षेत्रात परदेशी भांडवलही मोठ्या प्रमाणात येतं. म्हणजे ज्या परदेशी पैशाला आपण घाबरतो, तोच पैसा कोळशावरचा भार हलकाही करू शकतो. पण सूर्य मावळल्यावरची वीज अजून कोळशावर आहे, आणि साठवणुकीच्या बॅटऱ्या पुरेशा येईपर्यंत राहील.

बाहेरचे देश आपल्या कारखान्यांवर काही दबाव आणू शकतात का?

आणतायत. युरोपीय संघाने आयात मालावरच्या कार्बनची नोंद ऑक्टोबर २०२३ पासून सक्तीची केली, आणि जानेवारी २०२६ पासून त्याचे पैसे आकारायची पद्धत लागू झाली. त्यात पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खतं येतात. गडचिरोलीत पोलादाचे जे मोठे बेत आहेत, त्यांना युरोपात माल विकायचा असेल तर कोळशाची जुनी भट्टी महागात पडेल. हा दबाव आपल्या फुप्फुसांच्या काळजीपोटी आलेला नाही आणि तो फक्त कार्बन बघतो, धूळ नाही. तरीही भट्टी कोणती बसवणार, हे विचारायला आपल्याला त्याचा उपयोग होतो.

जनसुनावणीत नक्की काय विचारावं?

पर्यावरण मंजुरीआधी गावकऱ्यांचं म्हणणं ऐकायला जी बैठक होते ती जनसुनावणी. आधी हक्क माहीत करून घ्या. २००६ च्या केंद्राच्या पर्यावरण आघात अधिसूचनेनुसार सुनावणीची किमान तीस दिवस आधी जाहीर सूचना द्यावी लागते. जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्ष असतो. आघात अहवालाचा (प्रकल्पाने पर्यावरणावर काय परिणाम होईल ते सांगणाऱ्या कागदाचा) मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्रात बघायला मिळालाच पाहिजे. चित्रीकरण होतं. कोरमची अट नाही, म्हणजे चार माणसं आली तरी सुनावणी झाली असं धरतात. म्हणून सोयाबीनच्या काढणीत तारीख आली तरी जावंच लागतं. आणि एक लक्षात असू द्या: मंजुरी मिळालेल्या औद्योगिक वसाहतीच्या आत येणाऱ्या प्रकल्पाला बऱ्याचदा सुनावणीच नसते. परदेशी कंपन्या एमआयडीसीतच जागा पसंत करतात, त्यामुळे तिथे वसाहतीच्या मूळ मंजुरीच्या अटी वाचाव्या लागतात.

मग प्रश्न. वर्षाला एकूण कोळसा किती जाळणार? पाणी कोणत्या नदीतून, मे महिन्यात किती? राखड कुठे ठेवणार आणि तो बांध फुटला तर पाणी कोणत्या गावात शिरणार? जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा राख बंधारा फुटून राखड शेतात आणि नाल्यात गेली होती, तेव्हा हा प्रश्न कोणी हसण्यावारी नेणार नाही. दिवसाला किती टिप्पर, कोणत्या रस्त्याने? अहवालातले हवेचे नमुने कोणत्या महिन्यात घेतले? उन्हाळ्यातली हवा वेगळी आणि हिवाळ्यातली वेगळी. कंपनीच्या मूळ देशात अशाच कारखान्याला धुराची कोणती मर्यादा आहे आणि इथे तीच पाळणार का?

हा शेवटचा प्रश्न परदेशी कंपनीला जरूर विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. तोंडी "हो" उपयोगाचं नाही.

गडचिरोलीसारख्या अनुसूचित क्षेत्रात १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांमुळे ग्रामसभेचं वजन आणखी वाढतं.

अटी पाळल्या जातायत की नाही, हे आम्हाला कसं कळणार?

मंजुरी मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पाला १ जून आणि १ डिसेंबरला, असा वर्षातून दोनदा अनुपालन अहवाल द्यावा लागतो. तो सार्वजनिक कागद आहे. वेबसाइटवर मिळाला नाही तर माहिती अधिकारात मागा. मंजुरीचं पत्र एका हातात आणि अहवाल दुसऱ्या हातात घेऊन अट क्रमांक लावून वाचायला बसा. "पालन होत आहे" एवढंच लिहिलं असेल आणि आकडा नसेल, तर त्या अटीवर खूण करा.

हवेचे आकडे बघताना दोन मापं जवळ ठेवा. बारीक कणांसाठी (पीएम २.५) भारताची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची ५. म्हणजे "मर्यादेत आहे" हे वाक्य वाचताना कोणाच्या मर्यादेत, हे विचारावं लागतं.

तक्रार कुठे करायची?

आधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात, लेखी, पोच घेऊन. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय हरित लवाद आहे. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ पुण्यात आहे. पर्यावरणाच्या वादासाठी कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते, नुकसानभरपाईसाठी पाच वर्षांची. ही सहा महिन्यांची मुदत फार जणांची चुकते, कारण ते तोंडी आश्वासनांवर थांबून राहतात.

आमच्या विहिरीचं पाणी बिघडलंय. कारखान्यामुळेच, हे सिद्ध कसं करायचं?

एका नमुन्याने होत नाही. कारखान्याच्या वरच्या बाजूच्या एका विहिरीचं आणि खालच्या बाजूच्या दोन विहिरींचं पाणी एकाच दिवशी घ्या. पावसाळ्याआधी आणि नंतर असं दोनदा घ्या. नमुना घेताना सरपंच, ग्रामसेवक आणि शक्य असेल तर मंडळाचा माणूस यांच्यासमोर पंचनामा करा, बाटलीवर तारीख आणि गट क्रमांक टाका. जिल्हा प्रयोगशाळेत पिण्याच्या पाण्याची नेहमीची तपासणी होते. शिसं, पारा, आर्सेनिक यांसारखे जड धातू हवे असतील तर ते अर्जात वेगळं लिहून मागा.

फ्लोराइड जास्त निघालं म्हणून लगेच कारखान्यावर बोट ठेवू नका. चंद्रपूर आणि यवतमाळच्या काही भागांत ते खडकातूनच भूजलात उतरतं, आणि सुनावणीत कंपनीचा वकील आधी तोच मुद्दा काढेल. वरच्या बाजूच्या विहिरीचा अहवाल हातात असेल तर त्याला तिथेच उत्तर देता येतं.